समुद्रात सोडलेल्या पाण्याचा हिशेब

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

किनारपट्टीवरील अणुवीज प्रकल्पांविषयी आपल्या वाचकपत्रांच्या सदरात गेले काही दिवस चाललेली चर्चा मी नियमाने वाचतो आहे. काही पत्रे किरणोत्साराच्या भीतीपासून सुरू होऊन तिथेच थांबतात, तर काही देशाच्या विजेच्या गरजेपासून सुरू होऊन तिच्यापुढे जात नाहीत. दोन्ही विषय महत्त्वाचे आहेत. परंतु प्रकल्प समुद्रकाठी का बांधतात आणि बांधल्यावर तो त्या समुद्राकडून नेमके काय घेतो व काय परत देतो, याचा उल्लेख मला एकाही पत्रात आढळला नाही. मी बडोद्याचा रहिवासी आहे आणि चौतीस वर्षे मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात कंडेन्सर व हीट एक्स्चेंजर बनवण्याचे काम करून निवृत्त झालो आहे. अणुभट्टीच्या पोटात काय घडते याविषयीचे माझे ज्ञान पुस्तकी आहे, पण टर्बाइन फिरवून आलेल्या वाफेचे ज्या यंत्रात पुन्हा पाणी होते, त्या यंत्राच्या, म्हणजे कंडेन्सरच्या, नळ्यांशी माझा संबंध रोजचा होता. तेव्हा ज्या बाजूने मला हा विषय कळतो, त्याच बाजूने लिहितो.

जैतापूरचे उदाहरण घेऊ. रत्नागिरी जिल्ह्याच्या राजापूर तालुक्यात माडबन, निवेली, करेल, मिठगवाणे आदी गावांच्या सुमारे 938 हेक्टर जमिनीवर प्रत्येकी 1650 मेगावॅटच्या सहा अणुभट्ट्या, म्हणजे एकूण 9900 मेगावॅट, अशी मूळ योजना होती; पुढचा हिशेब मी याच आकड्यांवर केला आहे. वाफेवर चालणारे कोणतेही वीजघर घेतले, तरी निर्माण झालेली सगळी उष्णता विजेत बदलत नाही. अणुवीजघरात तर जेमतेम तिसरा हिस्सा विजेत येतो आणि उरलेले दोन हिस्से बाहेर फेकावेच लागतात. म्हणजे 1650 मेगावॅट वीज देणारी भट्टी प्रत्यक्षात साडेचार हजार मेगावॅटच्या आसपास उष्णता निर्माण करते आणि त्यातील सुमारे 2850 मेगावॅट समुद्राच्या पाण्याला देऊन टाकते. किनाऱ्यावरच्या वीजघरांतून परत सोडलेले पाणी घेतलेल्या पाण्यापेक्षा सात अंश सेल्सिअसहून अधिक गरम असू नये, असे आपल्याकडचे मानक आहे. हे मानक धरून हिशेब केला तर एका भट्टीला दर सेकंदाला साधारण 100 घनमीटर पाणी लागते, सहा भट्ट्यांना 600 घनमीटर, आणि दिवसाचा आकडा पाच हजार कोटी लिटरांच्या वर जातो. तापमानवाढीची मर्यादा पाच अंशांवर आणली, तर पाणी कमी लागत नाही, उलट दीडपटीच्या जवळ जाते, कारण तीच उष्णता जास्त पाण्यात वाटावी लागते.

एवढ्या मोठ्या संख्या वाचून डोळ्यांसमोर काही उभे राहत नाही, म्हणून बडोदेकरांसाठी एक तुलना देतो. आपल्या शहराजवळून जाणारा नर्मदेचा मुख्य कालवा आपण सर्वांनी पाहिला आहे. उगमाशी त्याची क्षमता 40,000 क्युसेक, म्हणजे सेकंदाला सुमारे 1133 घनमीटर आहे. जैतापूरच्या सहा भट्ट्या चालू झाल्या, तर नर्मदा कालव्याच्या निम्म्याहून अधिक प्रवाह अहोरात्र समुद्रातून उचलला जाईल, कंडेन्सरच्या नळ्यांतून जाईल आणि कोमट होऊन समुद्रात परत येईल. हे पाणी किरणोत्सारी नसते, ते भट्टीच्या पाण्याला स्पर्शही करत नाही, हे प्रकल्पाच्या समर्थकांचे म्हणणे अगदी बरोबर आहे. तरीही एका खाडीच्या मुखाशी उभी राहिलेली ही एक नवी उबदार नदीच असेल, आणि नदीबद्दल जे प्रश्न विचारायचे ते तिच्याबद्दलही विचारले पाहिजेत.

मग हे प्रकल्प देशाच्या अंतर्भागात का नेत नाहीत, असा प्रश्न एका वाचकाने विचारला आहे. त्याचे उत्तर आपल्या गुजरातमध्येच आहे. तापी जिल्ह्यातील काकरापारचे केंद्र समुद्रकाठी नाही. तिथल्या 700 मेगावॅटच्या दोन नव्या भट्ट्यांपैकी तिसऱ्या क्रमांकाची 2023 मध्ये आणि चौथ्या क्रमांकाची 2024 मध्ये व्यावसायिकरीत्या चालू झाली, आणि त्यांची उष्णता उंच शीतकरण मनोऱ्यांतून हवेत सोडली जाते. मनोऱ्याच्या पद्धतीत पाणी परत येत नाही, त्याची वाफ होऊन जाते. एक युनिट विजेमागे साधारण दोन ते अडीच लिटर गोडे पाणी असे उडून जाते. म्हणजे 700 मेगावॅटची एक भट्टी दिवसभर पूर्ण क्षमतेने चालली तर सुमारे चार कोटी लिटर. सप्टेंबर 2025 मध्ये राजस्थानातील माही बांसवाडा अणुवीज प्रकल्पाचा पायाभरणी समारंभ झाला. तिथे अशा चार भट्ट्या नियोजित आहेत आणि त्या माही नदीच्या जलाशयाचे पाणी वापरतील. आपण बडोदेकर माहीचेच पाणी पितो, तरीही इथल्या मराठी किंवा गुजराती बैठकांत मला या प्रकल्पाचा विषय निघालेला आठवत नाही. समुद्रकाठचा प्रकल्प गोडे पाणी संपवत नाही, हा त्याचा मोठा गुण आहे आणि मी तो मान्य करतो. फक्त आपली नदी वाचते तेव्हा तिचा भार दुसऱ्या कोणाच्या तरी खाडीवर पडलेला असतो, हेही त्याच वेळी मान्य करावे लागते.

आपण तर हा लाभ पन्नास वर्षांहून अधिक काळ घेतो आहोत. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या ऑक्टोबर 1969 मध्ये चालू झाल्या, तेव्हापासून त्यांची वीज महाराष्ट्र आणि गुजरात या दोनच राज्यांत वाटली गेली. त्या मुळात 210 मेगावॅटच्या होत्या आणि पुढे 160 मेगावॅटवर आणल्या गेल्या. पुढे 540 मेगावॅटच्या तिसऱ्या आणि चौथ्या भट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. कारखान्यात रात्रपाळीला मी जे दिवे वापरले त्यांतला काही उजेड त्या किनाऱ्यावरून आला होता, आणि नोकरीच्या सगळ्या काळात हा विचार माझ्या मनात एकदाही आला नाही, हे लिहिताना संकोच वाटतो.

आता त्या कोमट पाण्याकडे येतो. सात अंशांची वाढ ऐकायला किरकोळ वाटते आणि फ्रान्समधील फ्लामाँव्हिलसारख्या ठिकाणी ती तुलनेने सुसह्यही असेल, कारण तिथला समुद्र मुळातच थंड आहे. कोकणात एप्रिल-मे महिन्यांत समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान तीस अंशांच्या आसपास असते. उष्ण कटिबंधातले पुष्कळसे सागरी जीव आपल्याला सोसवणाऱ्या तापमानाच्या वरच्या टोकाजवळच जगत असतात, त्यामुळे त्यांच्यासाठी पुढचे पाच-सात अंश थंड समुद्रातल्या पाच-सात अंशांसारखे नसतात. शिवाय पाणी गरम झाले की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो. मोठी मासळी गरम पट्टा ओळखून दूर जाते. बांगडा आणि तारली दूर गेली याचा अर्थ ती नष्ट झाली असा होत नाही, पण लहान होडीने जाणाऱ्या कोळ्याला तिच्यामागे किती लांब जावे लागेल आणि त्याचे डिझेल किती जळेल, हा हिशेब पर्यावरणाच्या अहवालापेक्षा जैतापूरजवळच्या नाटे गावच्या बंदरावर अधिक चांगला कळतो. अंडी, पिले आणि प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) यांना तर दूर जाण्याची सोयच नसते. ती पाण्याबरोबर आत ओढली जातात आणि नळ्यांतील उष्णता, दाब व क्लोरीन यांच्या माऱ्यातून जातात.

क्लोरीन कशासाठी, हे थोडे सविस्तर सांगतो, कारण यंत्राच्या बाजूने पाहिले तर समुद्र फार खोडकर आहे. आमच्या कारखान्याने बनवलेला एक एक्स्चेंजर किनाऱ्यावरच्या एका रासायनिक कंपनीत बसवला होता. वर्ष-दीड वर्षात त्याची क्षमता घसरली आणि दोष साहजिकच आमच्या माथी आला. आम्ही तिथे जाऊन झाकण उघडले तेव्हा निम्म्या नळ्यांची तोंडे शिंपल्यांनी अशी बुजली होती की बोटही आत जाईना. शिंपले धरू नयेत म्हणून क्लोरीनचा डोस देणारा पंप कित्येक महिने बंद होता आणि त्याची नोंद कोणी ठेवली नव्हती. मोठ्या वीजघरांत हाच प्रश्न बोगद्यांच्या आणि मोठ्या जाळ्यांच्या प्रमाणात येतो. तमिळनाडूतील कल्पाक्कमच्या अणुवीज केंद्राला समुद्रतळाखालून जाणारा सुमारे अर्ध्या किलोमीटरचा बोगदा आहे आणि त्याच्या भिंतींवर शिंपल्यांचा थर वाढू नये म्हणून तिथे सतत झगडावे लागते. जेलीफिशचे थवे पाण्याच्या जाळ्यांत अडकल्याने स्कॉटलंडमधील टॉर्नेस येथे 2011 मध्ये, स्वीडनमधील ओस्कार्सहाम्न येथे 2013 मध्ये आणि फ्रान्समधील ग्राव्हलीन येथे ऑगस्ट 2025 मध्ये भट्ट्या बंद पडल्या. त्यांत कोणाला इजा झाली नाही. सुरक्षा यंत्रणांनी आपले काम चोख केले. मला फक्त एवढेच दिसते की हजारो कोटींचे यंत्र एका मऊ, बिनहाडाच्या प्राण्यापुढे थांबते, आणि म्हणून पंपघराला अणुभट्टीपेक्षा दुय्यम समजून चालत नाही.

पंपघराचा संबंध सुरक्षिततेशीही आहे. भट्टी बंद केली की साखळी प्रक्रिया थांबते, पण इंधनातली उष्णता लगेच थांबत नाही. बंद केल्याच्या क्षणी ती पूर्ण क्षमतेच्या सहा-सात टक्के असते आणि एक दिवस उलटल्यावरही जैतापूरएवढ्या भट्टीत वीस मेगावॅटच्या आसपास उरते. ती काढून नेण्यासाठी पंप लागतात, पंपांना वीज लागते आणि बाहेरची वीज गेली तर डिझेल जनरेटर लागतात. 11 मार्च 2011 रोजी फुकुशिमा दाइची येथे भूकंपानंतर भट्ट्या ठरल्याप्रमाणे बंद झाल्या होत्या. तासाभराने सुमारे चौदा-पंधरा मीटर उंचीची त्सुनामी आली. संरक्षणाचा हिशेब 5.7 मीटरचा धरला होता. समुद्राकडचे पंप मोडले, बहुतेक जनरेटर तळघरांत बुडाले आणि तीन भट्ट्यांतले इंधन वितळले. या जागेवर मुळात सुमारे 35 मीटर उंचीचा कडा होता, तो छाटून दहा मीटरवर आणला गेला होता आणि त्यामागचे एक कारण समुद्राचे पाणी वर चढवण्याचा खर्च वाचवणे हे होते. भूकंपाच्या केंद्राला त्याहून जवळ असलेले ओनागावाचे केंद्र मात्र जवळजवळ पंधरा मीटर उंचीवर बांधलेले होते आणि ते बचावले. पंप चालवण्याची वीज किती लागेल, या साध्या प्रश्नाच्या दोन उत्तरांचे हे दोन परिणाम आहेत.

ऑगस्ट 2024 मध्ये बडोद्यातून वाहणारी विश्वामित्री नदी 35 फुटांच्या वर गेली तेव्हा आमच्या सोसायटीच्या तळघरात पाणी शिरले आणि सर्वांत आधी बुडाला तो जनरेटर. तो तळघरात बसवू नका, असे मी बांधकामाच्या वेळी सांगितले होते. वर ठेवला तर पार्किंगची एक जागा कमी होते, असे उत्तर मिळाले होते. चौथ्या मजल्यावरच्या एका आजींना खुर्चीत बसवून जिन्याने खाली आणावे लागले. अणुवीज केंद्राशी याची तुलना करणे अतिशयोक्तीचे होईल, हे मला कळते, पण माणूस जागा वाचवण्यासाठी कोणती चूक करतो ते मी माझ्या दारात पाहिले.

आपल्या देशाचा अनुभव याबाबतीत वाईट नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीत कल्पाक्कमच्या पंपघरात समुद्राचे पाणी शिरले, पण चालू असलेली भट्टी सुरक्षितपणे बंद करण्यात आली. त्याच दिवशी तिथल्या वसाहतीत मात्र माणसे दगावली आणि शेजारी नव्या भट्टीसाठी खणलेला पायाचा खड्डा पाण्याने भरला. जैतापूरची जागा समुद्रसपाटीपासून सुमारे पंचवीस मीटर उंच पठारावर आहे आणि तिथे नियोजित असलेल्या भट्टीत चार मुख्य डिझेल संच वेगवेगळ्या इमारतींत विभागून ठेवण्याची रचना आहे. त्सुनामीच्या भीतीपुरते हे उत्तर मला पुरेसे वाटते. पंप मात्र पठारावर नेता येत नाहीत. ते पाण्याजवळच राहणार.

आपल्या गुजरातच्या किनाऱ्याचाही विचार व्हावा. खंभातच्या आखाताच्या पलीकडे, भावनगर जिल्ह्यातील मिठीविरडी येथे सहा अमेरिकी भट्ट्यांचा प्रकल्प ठरला होता. मार्च 2013 मध्ये जनसुनावणी झाली, ग्रामस्थांचा विरोध तीव्र होता, आणि 2016 मध्ये त्या भट्ट्या आंध्र प्रदेशातील कोव्वाडा येथे नेण्याचे ठरले. जमीन आणि विरोध यांवर तेव्हा पुष्कळ लिहिले गेले. समुद्रावर फारसे नाही. वास्तविक या आखातातील भरती-ओहोटीचा फरक देशात सर्वांत मोठ्यांपैकी आहे आणि पाणी गाळाने गढूळ असते. मिठीविरडीला लागूनच असलेल्या अलंगला जुनी जहाजे उधाणाच्या भरतीला किनाऱ्यावर चढवतात आणि ओहोटीला ती कोरड्या चिखलात उभी राहतात, ती याच फरकामुळे. ज्या जागी समुद्र दिवसातून दोनदा इतका मागे सरतो, तिथे सेकंदाला शेकडो घनमीटर पाणी अखंड कसे उचलणार आणि गाळाने घासल्या जाणाऱ्या नळ्या किती वर्षे टिकणार, हे प्रश्न मी एका वक्त्याला विचारले होते. त्याने मला युरेनियमच्या साठ्यांविषयी माहिती दिली.

बांधकामाला लागणाऱ्या काळाविषयी थोडक्यातच लिहितो, कारण त्यावर आपल्या अंकांत बरेच येऊन गेले आहे. जैतापूरसाठी ठरलेल्या फ्रेंच बनावटीच्याच एका भट्टीचे बांधकाम फिनलंडमधील ओल्किलुओटो येथे 2005 मध्ये सुरू झाले आणि 2009 ऐवजी 2023 मध्ये तिचे नियमित उत्पादन सुरू झाले. फ्लामाँव्हिलच्या भट्टीचे बांधकाम 2007 मध्ये सुरू झाले आणि ती डिसेंबर 2024 मध्ये वीजजाळ्याला जोडली गेली. चीनमधील ताइशान येथे हेच काम पुष्कळ कमी काळात झाले. तेव्हा दोष सर्वस्वी यंत्राचा म्हणता येत नाही, पण कोकणात किती वर्षे लागतील याचा अंदाज बांधताना मी ताइशानपेक्षा फ्लामाँव्हिलकडे पाहीन.

या विलंबाचा एक उपयोग मात्र करून घेता येईल, आणि या पत्राचा मुख्य हेतू तोच आहे. जैतापूरच्या प्रकल्पाला पर्यावरण परवानगी नोव्हेंबर 2010 मध्ये 35 अटींसह मिळाली. एप्रिल 2011 मध्ये तिथल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात एका तरुणाचा जीव गेला. त्यानंतर फ्रेंच कंपनी बदलली, करारांच्या फेऱ्या झाल्या, तरी भट्टीचे काँक्रीट पडलेले नाही. म्हणजे खाडीच्या मुखाशी आज जो समुद्र आहे, तो अजून पहिला समुद्र आहे. त्याचे तापमान पृष्ठभागाला आणि तळाला किती असते, पावसाळ्यात अर्जुना नदीचे गोडे पाणी उतरल्यावर ते कसे बदलते, कोणत्या महिन्यात कोणती मासळी किती वाव खोलीवर मिळते, याची सलग काही वर्षांची नोंद आताच झाली पाहिजे, आणि ती घेणाऱ्यांत साखरी नाट्याचे मच्छीमार मानधन देऊन सामील केले पाहिजेत. प्रकल्प चालू झाल्यावर मासळी कमी झाली असे कोळी म्हणतील आणि तसे काही नाही असे अधिकारी म्हणतील, तेव्हा आधीची नोंद नसेल तर दोघांपैकी कोणालाच आपले म्हणणे सिद्ध करता येणार नाही.

दुसरी मागणी चालू केंद्रांसाठी आहे. प्रत्येक अणुवीज केंद्राजवळ पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा असते आणि तिथले शास्त्रज्ञ पाणी, माती, मासे यांतील किरणोत्सार नियमाने मोजतात, ही चांगली गोष्ट आहे. त्याच तत्परतेने समुद्रात सोडलेल्या पाण्याचे तापमान, क्लोरीनचे प्रमाण आणि पाण्याची मात्रा यांचे आकडे तासातासाला लोकांसमोर यावेत. बडोद्यात पावसाळ्याचे चार महिने आपण आजवा जलाशयाची पातळी आणि काळा घोडा पुलाखालची विश्वामित्रीची पातळी फुटांत आणि इंचांत पाहत असतो. 26 फूट ही धोक्याची खूण इथे शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. हा आकडा लपवला तर लोक घाबरणार नाहीत, असे आपल्या महानगरपालिकेलाही वाटत नाही. मग तारापूरच्या किंवा उद्याच्या जैतापूरच्या मासळी उतरवण्याच्या धक्क्यावर एक फलक लावून त्यावर आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या पाण्याचे तापमान मराठीत दाखवायला काय हरकत असावी, हे मला समजत नाही. तापमापक तिथे बसवलेलेच असतात, कारण ते नसतील तर कंडेन्सर चालवणाऱ्याला आपले काम करताच येणार नाही. आकडा नियंत्रण कक्षाच्या पडद्यावर आहेच. तो कुंपणाबाहेर एका तारेने आणायचा आहे.

मर्यादा ओलांडली गेली तर काय, हेही आधीच ठरलेले असावे. वीज उत्पादन तेवढे कमी करणे हा त्याचा सरळ उपाय आहे. फ्रान्समध्ये कडक उन्हाळ्यात नद्यांचे पाणी ठरावीक तापमानापलीकडे गेले की त्यांच्या काठच्या भट्ट्यांचे उत्पादन कमी केले जाते आणि वेळप्रसंगी त्या बंदही ठेवल्या जातात. आपल्याकडे मे महिन्यात विजेची मागणी खूप वाढलेली असते आणि कोकणचा समुद्र त्याच महिन्यात खूप तापलेला असतो. त्या महिन्यात कोणाचे ऐकायचे, बडोद्याच्या आणि मुंबईच्या वातानुकूलन यंत्रांचे की नाट्याच्या मच्छीमारांचे, हा निर्णय त्या दिवशी घाईने होऊ नये.

वर दिलेले पाण्याचे आकडे मी एका भट्टीची औष्णिक क्षमता 4500 मेगावॅट, विजेची 1650 मेगावॅट आणि तापमानवाढ सात अंश धरून वहीत काढले आहेत. सुरक्षेसाठी लागणारे वेगळे पाणी त्यात मिळवलेले नाही. आपल्या वाचकांपैकी या क्षेत्रात काम केलेले कोणी असल्यास त्यांनी ही आकडेमोड तपासून चूक असल्यास याच सदरातून कळवावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक निवृत्त यंत्र-अभियंता
बडोदे